पॉप-अप ट्रक कॅम्पर : आडवाटेवरचे हलके घर

पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात बसवता येणारी आणि गरज नसेल तेव्हा उतरवून ठेवता येणारी राहण्याची खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. या खोलीला स्वतःचे इंजिन नसते, चाकेही नसतात. झोपण्याची गादी, छोटा ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, फ्रीज आणि दिवे एवढा संसार तिच्यात मावतो. पॉप-अप हा तिचा हलका प्रकार. त्याचे छत प्रवासात खाली दबलेले असते आणि मुक्कामाला पोचल्यावर हाताने वर उचलले जाते. छत आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये जाड, जलरोधक कापडाची भिंत असते. ती हार्मोनियमच्या भात्यासारखी मिटते आणि उलगडते. छत वर गेले की आत उभे राहण्याइतकी उंची मिळते. खाली घेतले की वाहन पुन्हा जवळजवळ साध्या ट्रकएवढेच उंच राहते.

डांबरी रस्ता संपल्यावर पुढे जाऊन मुक्काम करणाऱ्यांनी हा प्रकार पसंत केला, त्यामागे दोन कारणे आहेत : कमी वजन आणि कमी उंची. कॅम्परची बांधणी, आतली सोय, ट्रकची निवड, वाटेवरचे वाहन चालवणे यांतला प्रत्येक निर्णय या दोन गोष्टींपाशी येतो.

उगम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पिकअप ट्रक शेतातून आणि कारखान्यांतून घरोघरी पोचला. त्याच्या हौद्यावर लाकडी किंवा पत्र्याची खोली चढवून शिकारीला, मासेमारीला किंवा लांबच्या प्रवासाला जाण्याची पद्धत त्याच काळात वाढली. १९४२ मध्ये लष्करी गरजेतून बांधलेला अलास्का महामार्ग १९४८ मध्ये सर्वसामान्यांना खुला झाला. पुढे कित्येक वर्षे त्याचा बराचसा भाग खडीचाच होता. अशा रस्त्यावर उंच खोली वाऱ्याला अडते, डुलते आणि इंधन खाते. त्यावर उपाय म्हणून १९५०च्या दशकात डॉन हॉल यांनी अलास्कन कॅम्पर तयार केला. त्याच्या भिंती पक्क्या होत्या, पण वरचा अर्धा भाग हायड्रॉलिक दाबाने खालच्या भागावर उतरत असे.

जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये अमेरिका पाहायला निघाले, तेव्हा त्यांच्या जीएमसी पिकअपवर कायम उंचीचा कॅम्पर होता. त्या प्रवासावरचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक १९६२ मध्ये आले. 'रोसिनान्ते' नावाचा तो ट्रक आज कॅलिफोर्नियातील सलिनास येथील नॅशनल स्टाइनबेक सेंटरमध्ये ठेवलेला आहे. कापडी भिंतीचा हलका कॅम्पर मात्र चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकांबरोबर लोकप्रिय झाला. या प्रकारात सर्वाधिक ओळखले जाणारे फोर व्हील कॅम्पर्स हे नाव १९७२ पासून चालत आले आहे. त्याचा कारखाना आता कॅलिफोर्नियातील वुडलंड येथे आहे.

बांधणी

चांगल्या पॉप-अप कॅम्परचा सांगाडा बहुधा जोडकाम केलेल्या अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा असतो. खडबडीत वाटेवर ट्रकची चासी पिळवटते आणि तिच्याबरोबर हौदाही थोडा वाकतो. अॅल्युमिनियमची चौकट हा पीळ काही प्रमाणात सोसते. लाकडी चौकट स्वस्त असते आणि तिची दुरुस्ती सोपी असते, पण ती जड असते आणि पाणी मुरले तर कुजते. अलीकडे दोन पातळ थरांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांचे कॅम्परही बनतात. त्यात सांधे कमी असतात आणि उष्णता-थंडी चांगली अडते.

छत उचलण्याची यंत्रणा मुद्दाम साधी ठेवलेली असते. पुढे आणि मागे बिजागरीवर दुमडणारी एकेक फळी असते. आतून ती ढकलली की छत वर जाऊन अडकते. वायुदाबाच्या दांड्या थोडे बळ देतात. मोटार किंवा केबल नसल्याने आडरानात बिघडण्यासारखे फारसे काही उरत नाही. मात्र छतावर सौर पॅनेल, सामानाची पेटी किंवा होडी चढवली की तेच वजन रोज दोनदा उचलावे लागते. म्हणून छतावर काय ठेवायचे, हे कॅम्पर विकत घेण्यापूर्वीच ठरवणे शहाणपणाचे असते.

झोपण्याची जागा ट्रकच्या केबिनवर पुढे आलेल्या भागात असते. त्यामुळे हौद्याएवढ्या मोजक्या जागेतही ओटा, बाकडे आणि कपाटे बसतात. मुख्य वजन खाली आणि मागच्या आसाच्या पुढे राहील, अशी आतली मांडणी केलेली असते. पाण्याची टाकी आणि बॅटरी तळाशी ठेवण्याचे कारणही हेच.

वजनाचा हिशेब

प्रत्येक ट्रकला एक कमाल एकूण वजन ठरवून दिलेले असते. त्यातून रिकाम्या ट्रकचे वजन वजा केले की वाहून नेण्याची क्षमता मिळते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रकच्या चालकाकडील दरवाजाच्या चौकटीवर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, याची चिकटपट्टी लावलेली असते. एकाच नावाच्या दोन ट्रकांतही हा आकडा वेगळा असू शकतो. मोठी केबिन, सनरूफ, जड इंजिन ही सगळी वाढ क्षमतेतून वजा होते. म्हणून जाहिरातीतला आकडा सोडून आपल्या दरवाजावरचा आकडा वाचावा लागतो.

समजा, मध्यम आकाराच्या ट्रकची क्षमता ५५० किलो आहे आणि कॅम्परचे कोरडे वजन ४०० किलो आहे. वरवर पाहता १५० किलो शिल्लक दिसतात. दोन माणसांचे १४० किलो धरले की उरतात १० किलो. अजून पाणी भरलेले नाही. ७५ लिटर पाणी म्हणजे ७५ किलो. भरलेला गॅस सिलिंडर, बॅटरी, अन्न, कपडे, अवजारे आणि सुटी चाके यांचे वजन वेगळेच. अशा रीतीने 'हलका' कॅम्परही ट्रकची मर्यादा सहज ओलांडतो.

कोरडे वजन म्हणजे पाणी, गॅस आणि सामान नसताना मोजलेले वजन. अनेकदा त्यात फ्रीज, हीटर, सौर पॅनेल अशा जादा सोयीही धरलेल्या नसतात. खरा आकडा हवा असेल तर पूर्ण भरलेला ट्रक, माणसांसह, वजनकाट्यावर न्यावा लागतो. पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलला की मागच्या आसावर व टायरांवर किती भार येतो, तेही कळते. पक्क्या भिंतींचे मोठे कॅम्पर एक टनाच्या पुढे सहज जातात आणि त्यांना अवजड वर्गातला ट्रक लागतो. पॉप-अप कॅम्पर त्याहून बराच हलका असल्यामुळे तुलनेने लहान, अरुंद वाटेवर वळू शकणारा ट्रक वापरता येतो.

भार किती आहे याबरोबर तो कुठे आहे, हेही महत्त्वाचे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे यायला हवा. तो मागे गेला तर ट्रकचे नाक उचलले जाते, पुढच्या चाकांची पकड घटते आणि वाहन नीट वळत नाही. भारामुळे मागची बाजू बसत असेल तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवतात किंवा हवेचे फुगे बसवतात. त्यामुळे ट्रक समपातळीत येतो, मात्र ठरवून दिलेली कमाल मर्यादा वाढत नाही. फुग्यांमुळे चासीच्या एकाच ठिकाणी ताण एकवटतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

ट्रकला जखडणे

आडवाटेवर कॅम्पर हौद्यात सतत उसळी घेण्याच्या बेतात असतो. त्याला चार कोपऱ्यांवर घट्ट ताणून बांधतात आणि खाली न घसरणारी रबरी चटई टाकतात. बांधणीचे बिंदू हौद्याच्या तळाला किंवा थेट चासीला जोडलेले असतात. सगळे हौदे पोलादी नसतात. टोयोटा टॅकोमाचा हौदा संमिश्र प्लॅस्टिकचा आहे आणि फोर्ड एफ-१५०चा २०१५ पासून अॅल्युमिनियमचा. अशा हौद्यात बोल्टच्या मागे भार पसरवणारी जाड पट्टी द्यावी लागते, नाहीतर बोल्टभोवतीचा पत्रा फाटतो. कच्च्या रस्त्यावरचे पहिले काही किलोमीटर झाल्यावर थांबून ताण पुन्हा तपासण्याची सवय लावून घ्यावी. कॅम्पर चढवायला-उतरवायला लागणारे चार जॅक प्रवासात काढून घरी ठेवले तर वजनही वाचते आणि ते दगडा-झाडांत अडकतही नाहीत.

वाटेवर

भारामुळे ट्रकचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून आडव्या उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो. छत खाली घेता येत असल्याने पॉप-अपमध्ये हा धोका उंच कॅम्परपेक्षा कमी असतो, पण तो संपत नाही. एका बाजूला झुकलेली वाट दिसली की उतरून, पायी पुढे जाऊन पाहावे. खालच्या बाजूच्या चाकापुढे खड्डा किंवा वरच्या बाजूच्या चाकापुढे दगड असेल तर तेवढ्याने तोल जाऊ शकतो. कॅम्परचा जो भाग हौद्याच्या मागे लोंबतो, तो नाला चढताना जमिनीला टेकतो. म्हणून मागे कमीत कमी बाहेर येणारा नमुना आडवाटेला सोयीचा.

वाळूत आणि खडकांवर टायरमधली हवा कमी करतात. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, भार मोठ्या जागेवर वाटला जातो आणि चाक रुतत नाही. खडखडाटही कमी होतो. पण कॅम्पर लादलेल्या ट्रकची हवा रिकाम्या ट्रकएवढी उतरवता येत नाही. भाराखाली टायरची भिंत जास्त वाकते, तापते आणि फुटू शकते. हवा कमी असताना वेग कमी ठेवणे आणि डांबरी रस्त्यावर येताच कॉम्प्रेसरने ती पुन्हा भरणे, हे दोन्ही सक्तीचे मानावे. उतारावर ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी लो रेंजमध्ये खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने उतरतात, कारण जड वाहनाचे ब्रेक लवकर तापतात.

रुतल्यावर पहिले साधन फावडे. चाकापुढची वाळू उपसून पकड देणाऱ्या फळ्या चाकाखाली सरकवल्या की बहुतेक वेळा ट्रक स्वतःच बाहेर येतो. दुसऱ्या वाहनाने ओढायचे असेल तर दोर चासीला जोडलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या हुकालाच लावावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर लावणे जीवघेणे ठरते. ताणाखाली गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा उडतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील अनेक वाटा हवामानावर अवलंबून असतात. युटामधील ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे परिसरातला कॉटनवुड कॅन्यन रस्ता कोरडा असताना साध्या गाडीलाही जमून जातो. पाऊस पडला की त्यातली चिकणमाती इतकी निसरडी होते की चारही चाकांची शक्ती निरुपयोगी ठरते. मोहावी वाळवंटातला सुमारे २२० किलोमीटरचा मोहावी रोड हा मूळचा तिथल्या आदिवासींचा कोलोरॅडो नदीपासून समुद्राकडे जाणारा मार्ग. तो सोडा लेक या कोरड्या सरोवरातून जातो. वरून सुकलेला दिसणारा त्याचा पापुद्रा ओला असेल तर वाहन खोल रुतते. अरुंद घळींत तर कोसो दूर पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येऊ शकतो. म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये.

पाणी, वीज आणि ऊब

वाळवंटात प्रत्येक माणसाला दिवसाला निदान ४ लिटर पिण्याचे पाणी लागते. स्वयंपाक, भांडी आणि हातपाय धुणे धरून काटकसरीने ८ ते ९ लिटर. या हिशेबाने ७५ लिटरची टाकी दोन माणसांना साधारण चार दिवस पुरते. पाणी हेच सर्वांत जड सामान असल्यामुळे मुक्कामाचे दिवस बहुधा तेच ठरवते. शेवटच्या गावात टाकी भरली तर तिचे वजन महामार्गावर उगीच वाहावे लागत नाही.

विजेचा मुख्य ग्राहक म्हणजे फ्रीज. लहान कॉम्प्रेसर फ्रीजला १२ व्होल्टवर दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास लागतात. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवसात २०० वॉटचे सौर पॅनेल साधारण ५० ते ६० अँपिअर-तास देते. म्हणजे उन्हात उभ्या असलेल्या ट्रकवर फ्रीज आणि दिवे बिनघोर चालतात, झाडीत किंवा ढगाळ दिवसांत चालत नाहीत. शिसे-आम्ल बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची जवळजवळ सगळी वापरता येते आणि तिचे वजन शिसेवालीच्या निम्म्याहून कमी असते. मात्र पारा शून्याखाली असताना ती चार्ज केली तर खराब होते. म्हणून थंड प्रदेशात ती कॅम्परच्या आत ठेवतात.

कापडी भिंत थंडी फार अडवत नाही. आतून जाड अस्तर लावतात, तरीही कडक थंडीत हीटर लागतो. बंद जागेत श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ साचून भिंतींना पाणी सुटते. प्रोपेन जळतानाही पाणी तयार होते. त्यावर उपाय एकच : छताची झडप थोडी उघडी ठेवून हवा खेळती ठेवणे. स्वयंपाकाच्या शेगडीने खोली गरम करण्याचा मोह टाळावा, कारण अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. त्याचा इशारा देणारे यंत्र आणि गॅसगळतीचे यंत्र कॅम्परमध्ये चालू स्थितीत असायलाच हवे. कॅम्पर ओला असताना मिटावा लागला तर पहिल्या कोरड्या दिवशी उघडून वाळवावा. तसाच ठेवला तर कापडाला बुरशी धरते. वादळी वाऱ्यात ट्रकचे नाक वाऱ्याकडे करतात आणि गरज पडल्यास छत खाली घेऊन झोपतात.

कुठे राहता येते

अमेरिकेत अशा मुक्कामाला मोठा आधार आहे तो सार्वजनिक जमिनीचा. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून अधिक. वनखात्याकडे आणखी सुमारे १९.३ कोटी एकर आहे. दोन्हींचा मोठा भाग पश्चिमेकडील राज्यांत येतो. त्यावर मनाई नसेल तिथे सुविधा नसलेल्या जागी मोफत राहता येते. ब्युरोच्या जमिनीवर सर्वसाधारण नियम २८ दिवसांत १४ दिवसांचा. त्यानंतर जागा बदलून किती दूर जायचे, ते स्थानिक कार्यालय ठरवते. वनखाते कोणत्या रस्त्यांवर वाहन नेता येईल याचे नकाशे प्रसिद्ध करते. त्या नकाशात नसलेली वाट मोटारीला बंद समजायची.

राष्ट्रीय उद्यानांत नियम अधिक कडक आहेत. युटामधील कॅन्यनलँड्समधल्या सुमारे १६० किलोमीटरच्या व्हाइट रिम रस्त्यावर रात्रीच्या मुक्कामासाठी परवाना आणि ठरलेलीच जागा घ्यावी लागते. त्याच उद्यानातल्या मेझ या दुर्गम भागात वाहनाने राहणाऱ्यांना आपले शौचपात्र बरोबर नेणे बंधनकारक आहे. अस्वलांच्या प्रदेशात कापडी भिंतीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे फक्त पक्क्या भिंतींच्या वाहनांना राहू देतात आणि पॉप-अपला प्रवेश नाही. प्रवासाची आखणी करताना ही मर्यादा आधी तपासावी.

जमिनीचे ऋण

हलका कॅम्पर दूरवर जाऊ शकतो, म्हणजेच तो नाजूक जमिनीवरही पोचू शकतो. कोलोरॅडो पठारावरच्या मातीवर काळपट, खरबरीत थर दिसतो. तो नीलहरित जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांचा जिवंत पापुद्रा असतो. माती धरून ठेवणे आणि तिला नत्र पुरवणे हे त्याचे काम. एका चाकाच्या खुणेने तो तुटतो आणि भरून यायला वर्षे, कधी दशकेही लागतात. म्हणून आधी वापरलेल्या, कठीण जमिनीच्या जागीच थांबावे आणि नवी चाकोरी पाडू नये.

पाण्यापासून साधारण ६० मीटर दूर राहावे. त्यामुळे पाणी स्वच्छ राहते आणि वाळवंटातल्या प्राण्यांना रात्री पाण्यावर येता येते. जिथे मलविसर्जनासाठी खड्डा चालतो, तिथे तो १५ ते २० सेंटिमीटर खोल खणून नीट बुजवतात. वाळवंटात कुजण्याची क्रिया फार मंद असल्याने मैला पिशवीत भरून परत नेणे अधिक चांगले. सांडपाणी टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणीच ओतावे. जळाऊ लाकूड लांबून आणू नये, कारण त्याच्याबरोबर झाडे पोखरणारे किडे नव्या जंगलात शिरतात. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे शेकोटीवर बंदी येते. कॅलिफोर्नियात बांधीव तळांबाहेर गॅसची शेगडी पेटवायलाही मोफत परवाना काढावा लागतो.

निघण्यापूर्वी मार्ग आणि परतण्याची वेळ घरी कुणाला तरी सांगून ठेवावी. मोबाइलची रेंज बहुतेक वाटांवर नसते, म्हणून आधीच उतरवलेले नकाशे, छापील नकाशा आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र बरोबर असावे. वाहन बंद पडले तर ते सोडून चालत निघू नये. कॅम्परमध्ये सावली, पाणी आणि अन्न असते, आणि शोधपथकाला भर उन्हात चालणाऱ्या माणसापेक्षा उभे वाहन लवकर सापडते.